पडद्याची मागची बाजू

ॲन्सेल्मने कागद उचलून खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला आणि चष्मा कपाळावर सरकवत विचारलं,

"हा नावाडी डावखुरा कधी झाला गं?"

संपदा कॅसेटींच्या कपाटाला टेकून उभी होती. म्हातारा चेष्टा करतोय असंच तिला वाटलं. चेष्टा केल्याशिवाय त्याला दुपारचा चहा पचत नसे.

"आणि ह्याची बायको गुजरातीण आहे का? पदर उजव्या खांद्यावर कसा?"

मग त्याने कागद उलटा करून खिडकीच्या काचेला दाबून धरला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. ते कागदातून आत आलं आणि पेन्सिलच्या रेघा पाठीमागून उमटल्या. नावाडी उजव्या हाताने दोर सोडू लागला, त्याच्या बायकोचा पदर डाव्या खांद्यावर आला, आणि नाव डावीकडून उजवीकडे निघाली.

"आता बरोबर," ॲन्सेल्म म्हणाला.

संपदा पुढे येऊन बघत राहिली. सहा चौकटींचं ते काम करायला तिला चार दिवस लागले होते. पुण्याच्या सिनेमाच्या शाळेने लेखी परीक्षेतून निवडलेल्यांना मुलाखतीला बोलावलं होतं आणि येताना मनात राहिलेल्या एखाद्या सिनेमातला एक प्रसंग सहा चौकटींत रेखाटून आणायला सांगितलं होतं. चित्रकला बघणार नाही, नजर बघू, असं पत्रात लिहिलेलं. मुलाखतीला आठ दिवस उरले होते. एवढी एक जागा मिळावी म्हणून ती गेली दोन वर्षं झुरत होती. घरी येणाऱ्या प्रत्येक स्थळात तिने काही ना काही खोट काढली होती, आणि शेवटी आईच म्हणाली होती की एकदा जाऊन ये बाई पुण्याला, म्हणजे तुझ्या डोक्यातलं तरी निघेल. ते निघू नये, एवढीच संपदाची इच्छा होती.

ॲन्सेल्मची कॅसेट लायब्ररी वसई गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. कॉलेज संपल्यापासून दुपारची ती सांभाळायचं काम संपदाकडे होतं. केबल आल्यापासून गिऱ्हाईक रोडावलं होतं, त्यामुळे सांभाळायचं म्हणजे बहुतेक वेळ सिनेमे बघायचे आणि ॲन्सेल्मशी त्यावरून वाद घालायचे. लायब्ररी काढण्याआधी वीस-बावीस वर्षं ॲन्सेल्म प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरला होता. दत्तजयंती असो, सत्यनारायण असो की चर्चचा सण असो, दोन बांबू रोवून मध्ये पांढरा कपडा ताणायचा आणि अंधार पडला की मशीन सुरू. पुण्यात बसलेल्यांनी तरी माझ्याइतके सिनेमे बघितले असतील का, असं तो निम्मं गमतीत आणि निम्मं मनापासून म्हणायचा.

"हा सिनेमा मी होळी गावात सलग चार वर्षं दाखवलाय," तो म्हणाला. "रिळं स्वस्तात मिळायची आणि बायकांना रडायला आवडायचं. मला विचार कोण कुठून येतो ते."

"आम्ही मागे बसायचो," संपदा म्हणाली.

तेवढ्यावर त्याला सगळं कळलं. कपड्याच्या पुढे गावची माणसं बसत आणि मागच्या अंगाला बाहेरून आलेली, उशिरा पोचलेली, मिठागरावरची. चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. संपदाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी तिची समजूत होती की सिनेमातली माणसं सगळी डावखुरीच असतात. तिनेही आठवडाभर डाव्या हाताने जेवून बघितलं होतं आणि आजीचा, म्हणजे बापाच्या आईचा, धपाटा खाल्ला होता. सिनेमाचं नाव तर तिला कधी वाचताच आलं नाही. पण पुढे थेटरात, टीव्हीवर सरळ सिनेमे बघितले आणि ते सगळं ती विसरून गेली. या चार दिवसांत कागदावर हात फिरवताना मात्र सहा ते नऊ वर्षांच्या मुलीने जसं पाहिलं तसंच उतरलं. ॲन्सेल्मने सिनेमाचं खरं नाव सांगितलं तेव्हा ते तिला भलत्याच कुठल्या सिनेमाचं वाटलं.

ॲन्सेल्मने बजावलं की सगळं सरळ करून काढ. तिथल्या लोकांना हा सिनेमा पाठ असणार. म्हणतील, पोरीला डावं-उजवं कळत नाही आणि ही कॅमेरा धरायला निघाली. संपदाचं तोंड उतरलेलं बघून त्याने मग सूर बदलला. मागे बसणारे तरी परवडले, पुढे काय एकेक नमुने यायचे, म्हणून तो सांगत सुटला. एक जण पहिल्या गाण्याला झोपायचा तो आरतीला उठायचा. आणि एक म्हातारी. घरून पाट घेऊन यायची आणि थेट पडद्याच्या पायाशी मांडून बसायची.

"मी दर वर्षी सांगायचो, मावशी, मागे सरका, वर बघून बघून मान मोडेल. पण छे. आणि मान कसली मोडतेय? ती वर कधी व्हायचीच नाही. सगळा सिनेमाभर खाली मान घालून बसायची. मग यायचं तरी कशाला?"

संपदा हसली, कारण तो हसवायलाच सांगत होता. कागद गुंडाळून ती घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीच्या काचेवर कागद ठेवून सहाही चौकटी सरळ उतरवल्या. काम सोपं होतं, तासाभरात झालं. पण झालेल्या चित्रांकडे बघून तिला काहीच वाटेना. नावाडी उजव्या हाताने दोर सोडत होता आणि तो दुसराच कुणी होता. ज्याच्यासाठी ती चार वर्षं न चुकता रडली, तो हा नव्हे. तिला आईचा राग आला. तासभर चालत जायचं, थंडीत कुडकुडत बसायचं, आणि ते चुकीच्या बाजूला.

आई, कमळी, पडवीत सुका जवळा निवडत बसली होती. पावसाळ्याची बेगमी चालली होती. सुपातला कचरा, गवताच्या काड्या, मधूनच एखादी शिंपली, असं तिची बोटं न बघता काढत होती. संपदाचा बाप विलास मिठागरावर होता. पाऊस यायच्या आत मीठ आवरायचं म्हणजे या दिवसांत तो दिवेलागणीशिवाय घरी येत नसे.

"आई, पुढे जागा असायची ना? मग आपण पडद्यामागे का बसायचो?"

"जवल पडायचं," कमळी म्हणाली. लहानपणापासून हेच उत्तर.

संपदाने दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले. एक उलटा, एक सरळ. कमळीने हात झटकले, पदराला पुसले आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघून म्हणाली की दोन्ही सारखीच आहेत.

"सारखी कशी? चार वेळा बघितलास तू हा सिनेमा."

"मी कुठं बघितला?"

कमळीने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. बोटं चालू झाली, पण आता ती नुसतीच जवळ्यातून फिरत होती.

"तितून आय दिसायची," ती म्हणाली.

कमळीचं माहेर होळीचं. केळी, भाजी, सोनचाफा, सगळ्याची वाडी. मिठागरावरच्या विलासशी तिने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा भावाने सांगितलं होतं की तू आम्हाला मेलीस. ते त्याने अक्षरशः पाळलं. भाऊबीज नाही, बाळंतपण नाही, बाजारात समोरासमोर आले तरी बहिणीकडे बघायचं नाही. आईला बोलायची इच्छा असली तरी तिचं त्या घरात काही चालत नव्हतं. एवढं संपदाला माहीत होतं. ही आजी तीन वर्षांपूर्वी गेली आणि निरोप दहाव्यानंतर आला, हेही माहीत होतं. आजीचा एकही फोटो या घरात नव्हता. पण दर दत्तजयंतीला आपण सिनेमा बघायला म्हणून कशाला जात होतो, हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

एकदा बोलायला लागल्यावर कमळी थांबली नाही. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून हातभर वर असायचा. मागच्या बाजूला पहिल्याच रांगेत बसलं की त्या फटीतून पलीकडची पहिली रांग दिसायची, आणि सिनेमाचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडलेला. सुरुवातीला एकदा ती सहजच गेली होती, माहेरची माणसं लांबून तरी दिसतील म्हणून. फटीतून बघते तर समोर आई. दहा हातांवर. पुढे बसलं तर भावाने हुसकलं असतं, आणि हुसकलं नसतं तरी पुढून काय दिसलं असतं? आईची पाठ.

"पाट घेऊन यायची घरून," कमळी म्हणाली. "गुडघे दुखायचे ना. आनि कान पन गेले असनार बहुतेक, म्हनून तेवढी पुढं. सगले हसले की ती हसायची नाय. सगल्यांचं हसून झालं की मग हसायची. रडायची पन तशीच, मागून."

"तुझ्याकडे बघायची?"

"मला वाटायचं तसं." कमळी थोडी हसली. "पन आंधारात काय दिसनार तिला? तिची मान आपली खाली. पदराशी चाळा करत बसायची."

संपदाला पुढचं ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर पाट आला. तो ॲन्सेल्मने कालच तिच्यापुढे मांडला होता आणि ती त्यावर हसली होती. तिला सांगावंसं वाटलं, पण तिने जीभ आवरली. खात्री नसताना आईला असलं काही सांगायचं नव्हतं. कमळीने काड्या गोळा करून अंगणात टाकल्या आणि म्हणाली की तुला मी तेव्हा सांगणार होते, बघ म्हणून, ती तुझी आजी. पण तू वर बघत असायचीस. तोंड उघडं टाकून. बोलावलं तरी ऐकायची नाहीस.

दुपारी लायब्ररीत पोचल्या पोचल्या तिने ॲन्सेल्मला प्रोजेक्टर काढायला सांगितला. त्याने कारण विचारलं तर मुलाखतीची तयारी म्हणाली. मशीन टेबलाखाली प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं होतं. ॲन्सेल्म कुरकुरला, दिवा लागेल की नाही सांगता येत नाही म्हणाला, आणि कुरकुरत असतानाच त्याने गाठी सोडल्यासुद्धा. आतल्या खोलीत खिडक्यांना चादरी अडकवल्या. दोन खुंट्यांना दोरी बांधून पांढरं पलंगपोस टांगलं, खालचा काठ जमिनीपासून हातभर वर. ॲन्सेल्मची बायको सेलिन शेंगा सोलत होती, तिला टोपलीसकट उचलून पलंगपोसाच्या मागे नेऊन बसवलं. ह्या दोघांना आता वेड लागलंय, एवढंच ती म्हणाली आणि सोलत राहिली.

दिवा लागला. ॲन्सेल्मने कुठल्याशा जुन्या रिळाचा उरलेला तुकडा लावला. संपदा पुढच्या बाजूला, कपड्याच्या पायाशी जमिनीवर बसली. वर घोडे पळत होते. तिने खाली बघितलं. फटीतून पलीकडे काळोख, बाकी काही नाही. पडद्याच्या उजेडाने डोळे दिपले होते. म्हणजे आईचंच खरं. तिला वाईट वाटलं, तरी ती वर न बघता तशीच बसून राहिली. घोडे वरच्या वर पळत राहिले. हळूहळू डोळे सरावले, आणि काळोखातून आधी टोपली आली, मग सेलिनचे हात, मग गळ्यातला क्रूस. मग हनुवटीवरचा तीळ. कपड्यातून झिरपलेला उजेड तिच्या सगळ्या तोंडावर हलत होता. सेलिनने एक कोवळी शेंग तोंडात टाकली, तेसुद्धा दिसलं.

पण एकदा वर बघितलं की सगळं पुन्हा नाहीसं होत होतं. संपदाने तीनदा करून पाहिलं. मागचं माणूस बघायचं तर सिनेमा सोडावा लागत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुकडा संपला. रीळ फडफडायला लागल्यावर ॲन्सेल्मने दिवा बंद केला आणि विचारलं, काय कळलं?

"अंकल, ती पाटावरची म्हातारी. ती किती वर्षं येत होती?"

ॲन्सेल्मने आठवलं. त्या चार वर्षांनंतर तो सिनेमा बंद झाला, गावाने व्हिडिओ आणला, आणि व्हिडिओला पडदा लागत नाही. टीव्हीच्या मागून काय दिसणार? म्हणजे चारच वर्षं. हे सांगताना तो संपदाच्या तोंडाकडे बघत होता. त्याने कोण होती असं विचारलं नाही. चादरी काढून त्याने खिडक्या उघडल्या आणि सेलिनला चहा टाकायला सांगितलं.

संध्याकाळी संपदा घरी आली तेव्हा कमळी विहिरीवरून पाणी आणत होती. संपदाने तिच्या डोक्यावरची कळशी उतरवून घेतली. मुलाखतीची तयारी कुठवर आली, कमळीने विचारलं. आज काय शिकलीस?

"मागे बसलेल्यांच्या तोंडावरही उजेड पडतो," संपदा म्हणाली. "कपड्यातून येतो. पुढच्यांना दिसतं."

कमळी उभी राहिली.

"किती?"

"ओळखू येईल एवढं. पण सिनेमा बघायचा नाही मग. खालीच बघत बसायचं. तरच."

कमळीने कळशी तिच्या हातातून परत घेतली, आत नेली, मांडणीवर ठेवली. मग तीच कळशी उचलून तिने पुन्हा बाहेर आणली आणि सगळं पाणी तुळशीला घालून टाकलं. ती तिथेच, वृंदावनाला हात टेकून, बराच वेळ पाठमोरी उभी होती. विलास आला तेव्हा त्याला जेवायला उशिरा मिळालं, आणि का ते त्याला कुणी सांगितलं नाही.

पुढचे पाच दिवस मायलेकी एका कागदावर बसल्या. सातवी चौकट. कमळी सांगायची आणि संपदा काढायची. वर कपड्याचा काठ, खाली पहिली रांग. डाव्या हाताला तो झोपणारा, त्याच्या शेजारी पोरांची चळत, मधोमध पाट. पाटावर लुगडं, अंबाड्यात सोनचाफ्याचं फूल, पदराशी चाळा करणारी बोटं. एवढं सगळं जमलं. चेहरा जमेना. नाक तुझ्यासारखं, कमळी सांगायची, पण जरा बसकं. संपदा काढायची आणि कमळी मान हलवायची. नाही, अशी नाही. खोडायचं, पुन्हा काढायचं. अशी पण नाही. शेवटच्या दिवशी कमळीने खोडरबर तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली की राहू दे आता, कागद फाटेल.

मुलाखतीला तीन माणसं होती. मधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी कागद पसरले आणि पहिल्याच चौकटीशी थांबल्या. संपदाने सरळ काढलेल्या चौकटी घरीच ठेवल्या होत्या. ॲन्सेल्मला तिने तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता की तुझं डोकं, तू जाण, आणि एसटीत खायला म्हणून त्याने सेलिनने केलेल्या केकचा पुडा हातात कोंबला होता.

"हे सगळं उलटं आहे," बाई म्हणाल्या.

संपदाने सांगितलं की हो, आम्ही पडद्यामागे बसायचो. बाईंनी शेजारच्याकडे बघितलं. तो हसला, पण हिणवून नव्हे. तुम्हाला सिनेमाच का करायचा आहे, हा प्रश्न येणार म्हणून संपदाने त्याचं उत्तर तीन भाषांत पाठ केलं होतं. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. टोकाला बसलेल्या गृहस्थांनी एव्हाना सातवा कागद ओढून घेतला होता.

"पत्रात सहा लिहिलं होतं."

"हो."

त्यांनी कागद उचलून धरला. एवढी माणसं काढली, बोटं काढली, फूल काढलं, आणि मधल्या बाईला तोंड नाही. घाईत राहिलं का, त्यांनी विचारलं. खोडून खोडून कागद तिथे इतका पातळ झाला होता की त्यांच्या बोटाची सावली पलीकडून दिसत होती.

"नाही सर. ती माझी आजी. चार वर्षं माझ्यासमोर बसायची, इथून त्या दारापर्यंत असेल एवढ्या अंतरावर."

"मग?"

संपदाने त्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

"मी सिनेमा बघत होते," ती म्हणाली.